तिची ड्यूटी मी करते

देवासच्या एका खासगी इस्पितळात स्वप्नाली सिस्टरनं एकोणीस वर्षांत सणासुदीची एकही सुट्टी घेतली नव्हती. जिन्याजवळच्या भिंतीवर तिचा फोटो होता आणि फोटोखाली ‘आमची निष्ठावान परिचारिका’ असं लिहिलेलं. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक. महालक्ष्म्यांना धारच्या सासरी गेलं, की सोळा भाज्या चिरायच्या आणि वर जावांचे टोमणे ऐकायचे. त्यापेक्षा वॉर्ड बरा. पेशंट निदान दुखलं तरच ओरडतात. लोकांनी या पळपुटेपणाला निष्ठा म्हटलं आणि बाई खुशाल हरभऱ्याच्या झाडावर चढून बसल्या.

मग एक दिवस तिच्या हाताखालची उर्वी मेट्रन जमुनाबाईंकडे दोन दिवसांची रजा मागायला आली. तिला आई नव्हती. कुक्षी गावच्या घरी वडील एकटेच असत. त्यांच्या छातीत दुखत होतं. जमुनाबाईंनी टेबलापाशी गोळ्या लावत उभ्या असलेल्या स्वप्नालीकडे बोट दाखवलं.

“हिला बघ. एकोणीस साल झाले, महालक्ष्मीला पण छुट्टी नाही मागितली. अन् तू कालची आली.”

‘तिची ड्यूटी मी करते.’ चारच शब्द होते, ओठांवर आलेही होते. पण कौतुक गोड लागलं आणि स्वप्नालीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. उर्वी रजेविना वॉर्डात परतली. तिसऱ्या दिवशी तिचे वडील गेले.

त्यानंतर स्वप्नालीला घास गोड लागेना. आपणच त्या पोरीची वाट अडवली, हे मनातून हलेना. फोटोसमोरून जायची लाज वाटे, म्हणून ती मागच्या जिन्यानं ये-जा करू लागली.

तेरावं उरकून उर्वी कामावर आली, तेव्हा स्वप्नालीनं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं: सासर, भाज्या, ते गिळलेले चार शब्द, सगळं. तिच्यासाठी चार दिवसांची रजा आपण जमुनाबाईंकडून मंजूर करून घेतलीय, असंही सांगितलं. “तुझी ड्यूटी मी करते. तू घरी जाऊन ये.”

उर्वी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं इंजेक्शनचा ट्रे उचलला.

“घराला ताला लागलाय, ताई. छुट्टी घेऊन जाऊ कुठे?”