गुरुनाथ आता वाद घालत नाहीत

चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या सोसायटीत संध्याकाळी बागेत जमणाऱ्या मंडळींत गुरुनाथ साळुंखे यांच्याइतका हिरिरीने वाद घालणारा दुसरा कुणी नव्हता. मूळचे कऱ्हाडचे. हवाई दलात रडारच्या दुरुस्तीत हयात गेली, शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. संरक्षणावरच्या खर्चाबद्दल कुणी कुरकुरलं, की ते उसळायचे. "आपली ताकद दिसली तरच समोरचा दबकतो. मग लढायची वेळच येत नाही. पोरं घरी परत येतात."

त्यांना पुरून उरायचा तो त्यांचा मुलगा शिशिर, सैन्यात कॅप्टन. सुटीवर आला की बापलेकांची जुंपायची.

"बाबा, पलीकडचा बापही हेच म्हणत असेल. आपण एक तोफ आणली की तो दोन आणतो. थांबायचं कुणी?"

"मग तू वर्दी कशाला चढवलीस?"

"कुणीतरी तिथे उभं राहायला हवं, हे पटतं म्हणून. लढायची वेळच येत नाही, हे मात्र नाही पटत," शिशिर हसून म्हणायचा. शेवटी शिशिरची आई सुहासिनीबाई दोघांना दटावून पानावर बसवायच्या.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. चौकीवर तोफगोळा पडला आणि शिशिर गेला. युद्ध पुकारलंही गेलं नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर शेजाऱ्यांनी गुरुनाथांना आग्रहाने बागेत नेलं. तिथे वाद पेटलेलाच होता. आणखी विमानं घ्या, असं एकाचं म्हणणं. एवढी घेऊन काय थांबलं, असं दुसऱ्याचं. मग सगळे त्यांच्याकडे वळले. "सर जी, आप बताइए. आपसे ज़्यादा कौन जानता है?"

नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं, पण ‘पोरं घरी परत येतात’पाशी ते अडले. "मुझे नहीं मालूम," म्हणत ते उठले. पुन्हा त्या बाकावर बसले नाहीत.

पुढच्या वर्षी धाकटी ओजस्विनी जेवताना म्हणाली, "बाबा, मी एनडीएची परीक्षा देणार. पक्कं."

सुहासिनीबाईंनी वाढायचं थांबवलं. "सांगा तिला काहीतरी. जन्मभर बोलत आलात ना!"

गुरुनाथांनी हातातला घास ताटात ठेवला. "सैन्य लागतंच गं, हे मी आजही म्हणतो. पण तू जा, असं माझ्याच्याने म्हणवत नाही. आणि तुला नको म्हटलं, तर दुसऱ्याच्या पोरांनी जावं, हे कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मग?"

"मग काही नाही. जेव."

ओजस्विनीची निवड झाली. ती निघाली त्या दिवशी सुहासिनीबाई स्टेशनवर आल्या नाहीत. गुरुनाथांनी एकट्यानेच बॅग डब्यात चढवली. ती पाया पडली, तेव्हा शिशिरच्या वेळी दिला होता तसा भरघोस आशीर्वाद त्यांना सुचेना. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते नुसतेच उभे राहिले.

घरी परतल्यावर सुहासिनीबाईंनी दार उघडलं.

"गेली?"

"गेली."

त्या बाजूला झाल्या. ते आत येऊन बसले आणि पायातले बूट काढायचंही विसरून गेले.