एका नकाराने थांबणारं घर

आमच्या घरात मतदान होत नाही. कात्रजच्या उतारावर आम्ही आठ कुटुंबं एका छपराखाली राहतो, एकाच स्वयंपाकघरात जेवतो, आणि सगळ्यांना पटल्याशिवाय घराचा कुठलाही निर्णय होत नाही. एकानेही हरकत घेतली की विषय तिथेच थांबला. टीव्ही घ्यायचा की नाही हे ठरायला दोन वर्षं लागली. ठरलं तोवर बघायची हौसच गेली होती.

ही पद्धत एका इंग्लिश बाईंची. त्या क्वेकर होत्या, म्हणजे युद्धाला साफ नकार देणाऱ्या आणि नुसतं शांत बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या. गेल्या शतकात दुष्काळाच्या कामाला त्या इकडे आल्या. त्यांच्याबरोबर राबणाऱ्या काही तरुण मंडळींनी पुढे हे घर उभं केलं. त्यांतल्या आता एकट्या मावशी उरल्या आहेत. त्या सगळ्यांच्याच मावशी. त्यांचं माहेर बौद्ध. "गप्प बसायला शिकवायला विलायतेहून माणूस यायची गरज नव्हती," त्या सांगतात, "पण आलीच होती बिचारी, म्हटलं बसू." तरुणपणी अणुबॉम्बच्या विरोधात हातात फलक घेऊन त्या तासन् तास रस्त्याच्या कडेला मुकाट उभ्या राहिल्या, लोकांच्या शिव्या ऐकल्या, दोनदा पोलीस कोठडीतही जाऊन आल्या. घराच्या करारातलं पहिलं कलम त्यांच्याच हट्टाचं आहे: इथे राहणारा माणूस शस्त्राची नोकरी करणार नाही.

मी सदाशिव पेठेतून लग्न होऊन इथे आले. पहिल्या बैठकीला सगळे दहा मिनिटं डोळे मिटून गप्प बसले, तेव्हा मी एक डोळा किलकिला करून सगळ्यांचे चेहरे वाचत होते. माझ्या माहेरी एखादा माणूस दहा मिनिटं गप्प बसला तर समजावं, तो टोमणा घासूनपुसून ठेवतोय. इथे तसं काही नव्हतं. माणसं खरोखरच विचार करत होती. आधी मला हा सगळा प्रकार बावळट वाटला. पण बाळंतपणात या माणसांनी सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही, आणि माझी मुलगी आठ घरांच्या कडेवर वाढली. मग माझी जीभ आपोआप मऊ झाली. निदान बैठकीपुरती.

गेल्या वर्षी त्याच मुलीने जेवताना जाहीर केलं, "मला आर्मीत ऑफिसर व्हायचंय."

माझं टाळकं सणकलं. "लहानपणापासून शांतीचे धडे गिरवलेस, ते यासाठी?"

"आई, भांडायचं असेल तर मीटिंगमध्ये भांड. मी ऑलरेडी विषय टाकलाय."

तिचा विषय एका ओळीचा होता: मी सैन्यात गेले तर हे माझं घर राहील का? करार पाहिला तर नाही. तिच्यापुरतं कलम सैल करायचं, तर सगळ्यांनी मान्य करायला हवं.

खरं सांगते, ते ऐकून मी निर्धास्त झाले. मावशी नाही म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. त्या नाही म्हणतील, मुलगी रडेल, मी तिला जवळ घेईन, आणि पोरगी घरात राहील. जन्मभर शांतीसाठी झिजलेल्या बाईच्या खांद्यावर मी बंदूक ठेवली होती.

रविवारी सकाळी बैठक बसली. दहा मिनिटं शांततेत गेली. मग एकेकजण बोलला. कुणी कुरकुरत, कुणी मनापासून, पण सगळे राजी झाले. शेवटी मावशी म्हणाल्या, "मला हे पटत नाही. मरेपर्यंत पटणार नाही. पण मी पोरीची वाट अडवत नाही."

आमच्याकडे असं चालतं. न पटताही माणूस बाजूला होऊ शकतो. पण मावशी बाजूला होतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बैठक चालवणाऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, "आणखी कुणाची हरकत?"

"माझी," मी म्हणाले.

"कारण?"

"मावशींनी यात जन्म घालवला. त्यांच्या डोळ्यांदेखत या घरातली मुलगी..."

"अगं, माझं मी सांगितलं," मावशी म्हणाल्या. "आता तुझं सांग."

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "ती परत आलीच नाही तर?" आणि मी सगळ्यांदेखत रडले. कुणी समजूत घातली नाही. एकाचं बोलून झालं की आमच्याकडे थोडा वेळ कुणी काही बोलत नाही.

मग मुलगी म्हणाली, "ठीक आहे. एक हरकत आली. मी फॉर्म भरत नाही. मला हे घर सोडायचं नाहीये."

ना आदळआपट, ना डोळ्यांत पाणी. ती भांडली असती तर मीही भांडले असते, आणि भांडणात मी हार जात नाही. पण ती नुसतं ऐकत होती. एकाच्या नकाराचा मान राखायचा, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला माझी लाज वाटत होती.

शेवटी मी म्हणाले, "मला पटलेलं नाही. भीतीही गेलेली नाही. पण मी हरकत मागे घेते."

ठराव आम्ही तिथल्या तिथे लिहितो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. त्या दिवशी लिहायची पाळी मुलीचीच होती. तिने वाचलं, "घर तिचं राहील. मावशी आणि आई सहमत नाहीत. दोघींनी वाट अडवली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणाले. "आईने अडवली होती. भीतीपोटी. नंतर सोडली. खरं काय ते लिही."

तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि वाचायला उभी राहिली. "आईने अडवली होती," इथपर्यंत आली, आणि पुढचं तिला वाचता येईना. मावशींनी तिच्या हातातली वही घेतली आणि उरलेलं वाचलं.