फर्निचरच्या दुकानावरचं कॉलेज

हवल्लीत आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर, अमेरिकन धर्तीचं एक कम्युनिटी कॉलेज निघालं. तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती आणि मला कुवेतमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती. दोन वर्षांचा अकाउंटिंगचा डिप्लोमा, वर्ग संध्याकाळी, बायकांसाठी वेगळी बॅच, अशी जाहिरात इंग्रजी पेपरात आली. मी ती कापून फ्रीजवर लावली.

नवऱ्याने चहा पिता पिता ती वाचली. तो कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट होता आणि कुठलाही कागद तो आधी खालून वर वाचायचा.

"हा फोटो बघ," तो म्हणाला. "हिरवळ, झाडं, झाडाखाली बसून वाचणाऱ्या मुली. हवल्लीत असं झाड कुठे आहे, सांग मला."

"फोटो काय, कुठलाही लावतात."

"मग बाकीचंही कुठलंही लावलं असेल."

त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याच्याच ऑफिसातल्या एकाची डिग्री खोटी निघून त्याला परत पाठवलं होतं. आमच्या मागच्या गल्लीतली एक कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट रातोरात गाशा गुंडाळून गेली होती. बंद शटरपुढे वह्या घेऊन उभी असलेली मुलं मी स्वतः पाहिली होती. पण त्याच्या बोलण्यात मला आणखीही काहीतरी ऐकू येत होतं. कॉलेज खोटं निघालं तर त्याला बरंच वाटेल, असं काहीतरी.

चिपळूणला मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आत लग्न होऊन इथे आले. निकाल भावाने पोस्टाने पाठवला. पहिला वर्ग होता. ती मार्कशीट कपाटात साड्यांच्या खाली पडून होती. मी ती काढली, लग्नाच्या दाखल्याबरोबर एका फाइलमध्ये घातली आणि एका सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर कॉलेजात गेले.

जिन्यात पॉलिशचा वास होता. वर एक काउंटर, दोन पंखे, नव्याकोऱ्या खुर्च्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. दुकानातल्याच खुर्च्या उचलून वर आणल्यासारख्या. काउंटरवरच्या मुलीने माझे कागद चाळले आणि म्हणाली, "ओरिजिनल ठेवावे लागतील. मिनिस्ट्रीचा शिक्का घ्यायचा आहे."

"किती दिवस?"

"बुक्रा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या. इथे उद्या म्हणजे कधीही.

कुवेतमध्ये मूळ कागद हातातून सोडायचा नाही, हे इथे आलेला प्रत्येक माणूस पहिल्याच महिन्यात शिकतो. नवऱ्याचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता. त्या तिजोरीपायी त्याला स्वतःच्या वडिलांच्या अंत्ययात्रेला वेळेवर पोचता आलं नव्हतं. मी फाइल छातीशी धरून तिथेच उभी राहिले. शेवटी काउंटरवरच्या मुलीने अरबीत एक पावती लिहून दिली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने उसासा टाकला, म्हणून मी फाइल दिली.

खाली रस्त्यावर आले आणि लक्षात आलं, पावतीत काय लिहिलंय ते मला कळत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक भाभी राहायच्या. त्यांच्या यजमानांचं अत्तराचं दुकान होतं, आणि त्या घरी बसून बायकांचे ड्रेस शिवायच्या. मी तडक त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात धुतले, पावती हातात घेतली आणि स्वच्छ उच्चारात, लयीत, शेवटपर्यंत वाचून दाखवली.

"म्हणजे काय भाभी?"

"ते मला काय ठाव गो बाय? लहानपणी कुराण वाचायला शिकलो ना, त्याने अक्षरां येतात. अर्थ कुठून आणू?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मग भाभींनी बुरखा चढवला आणि आम्ही कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात गेलो. तिथल्या इजिप्शियन दुकानदाराने पावती वाचली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "लिखा है, मदाम से कागज मिला. बस."

"कौनसा कागज?"

"वो नहीं लिखा. कागज."

भाभींनी त्याच्या हातून पावती घेतली, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "चल. आत्ताच."

त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीशी भाभीच बोलल्या, हिंदीत आणि हातवाऱ्यांनी. आवाज चढवला नाही, पण पावतीवर प्रत्येक कागदाचं नाव इंग्रजीत लिहून शिक्का बसेपर्यंत त्या काउंटरवरून हलल्या नाहीत. परत येताना म्हणाल्या, "आता पळाले तरी काय पळवले ते तरी समजेल."

मग इंग्रजीची परीक्षा झाली. शेवटी एक निबंध होता, तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या जागेबद्दल. मी इथल्या मासळीबाजारावर लिहिला. लिलाव पुकारणारे, पापलेटचे डोळे तपासणाऱ्या बायका, ओल्या फरशीवरून पायघोळ दिशदाशा उचलून चालणारे कुवेती म्हातारे. मला लिहायला मजा आली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कुणासाठी तरी काही लिहीत होते.

दोन-तीन दिवसांत फोन आला. रजिस्ट्रारना भेटायला या.

रजिस्ट्रार म्हणजे पन्नाशीच्या एक लेबनीज बाई. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझा निबंध समोर ठेवला होता, शेजारी माझी मार्कशीट आणि पासपोर्टची झेरॉक्स.

"मार्कशीटवर एक नाव आहे आणि पासपोर्टवर दुसरं," त्या म्हणाल्या.

"लग्नानंतर बदललं. लग्नाचा दाखला फाइलमध्ये आहे."

"पाहिला. शाळा कुठल्या भाषेत झाली?"

"मराठीत."

त्यांनी चष्मा काढला. "मग हा निबंध कुणी लिहिला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कान तापले. त्या शांतपणे सांगत होत्या की परीक्षेच्या खोलीत गर्दी होती, लक्ष ठेवायला एकच मुलगी होती, आधी दोघींनी निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला होता. मी त्यांना सांगितलं की मी रोज दुपारी इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, बिल्डिंगमधल्या बायकांचे शाळांचे अर्ज, घरमालकाला द्यायच्या तक्रारी, सगळं मीच लिहून देते. बोलताना माझं इंग्रजी नेमकं अडखळत होतं. त्यामुळे त्यांचा संशय वाढतच गेला असणार.

"पुन्हा लिहाल?" त्यांनी विचारलं. "इथे, माझ्यासमोर."

"विषय?"

"तुम्हाला हे कॉलेज का हवं आहे."

मी लिहायला बसले. त्या समोर बसून फोनवर बोलत होत्या, मधूनच माझ्या हाताकडे बघत होत्या. पहिल्या दोन ओळी मी नीट, विद्यार्थिनीसारख्या लिहिल्या. मग त्या खोडल्या. लिहिलं की मला हे कॉलेज हवं आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, कारण मला त्याचा भरवसा वाटत नाही. तुमच्या फोटोतली हिरवळ कुठल्या देशातली आहे? खुर्च्यांवरचं प्लास्टिक तुम्ही परत करायच्या म्हणून ठेवलंय का? माझी मार्कशीट तुमच्याकडे आहे आणि ती परत येईल की नाही हे मला माहीत नाही, तरी मी ती दिली, आणि तुम्ही मला विचारता आहात की मी खरी आहे का. हे सगळं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. उठून जायची तयारी म्हणून पर्स खांद्याला लावली.

त्यांनी वाचलं. हिरवळीपाशी आल्या तेव्हा त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली.

"त्या फोटोबद्दल मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "अजून उत्तर मिळालेलं नाही." मग कागद फाइलमध्ये लावत म्हणाल्या, "हे मात्र तुम्हाला दुसरं कुणी लिहून देणार नाही. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतील. या."

मी घरी आले ती आनंदातच. कुलूप उघडते तोच फोन वाजला. नवऱ्याच्या कंपनीचा मंदूब होता, सरकारी कचेऱ्यांतली कामं करून देणारा माणूस. तो केरळचा होता आणि हिंदीत बोलायचा. "साब को बोलना, वो कॉलेज का रजिस्ट्रेशन का जो दूसरा कागज मांगा था, वो भी मिल गया. पहला तो पिछले हफ्ते ही दिया था ना? सब पक्का है."

मागच्या आठवड्यातच. म्हणजे मी दररोज संध्याकाळी कॉलेजबद्दल काही बोलले की "खोटं असेल, बघ तू" असं जो म्हणत होता, त्याला ते खरं आहे हे ठाऊक होतं.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा मुलगी टीव्ही बघत होती, म्हणून त्याला मी गॅलरीत नेलं. "तुम्हाला माहीत होतं?"

त्याने नाही म्हटलं नाही. "खात्री करून घेत होतो."

"ती झाली होती ना. मग दुसरा कागद कशाला?"

 "तू दोन वर्षं रोज संध्याकाळी घरात नसशील," तो म्हणाला. "मी ऑफिसातून येईन तेव्हा. मग तुला नोकरी लागेल. मग..." तो खालच्या गाड्या बघू लागला. "वाटलं, त्या कागदात काहीतरी खोट निघेल."

मी रागावले होते, पण हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. "उद्यापासून आमटीला फोडणी द्यायला शिका," एवढंच म्हणाले आणि आत गेले. आत मुलीने मान न वळवता विचारलं, "आई, आर यू गोइंग टू कॉलेज ऑर नॉट?" मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही निरनिराळ्या देशांच्या बायका होतो. एक फिलिपिनो नर्स, दोन सीरियन बहिणी, एक पंजाबी आजीबाई. कुणीही पर्स मांडीवरून खाली ठेवली नव्हती. सर येईपर्यंत सगळ्या दाराकडे बघत होत्या, ते नक्की येणार आहेत ना, असं.

सर आले. शिकवू लागले. हिरवळ दोन वर्षांत कधी दिसली नाही, पण डिप्लोमा मिळाला, आणि तो घेऊन मी फिंतासजवळच्या एगैला भागातल्या एका क्लिनिकमध्ये हिशेबाच्या कामाला लागले. मार्कशीट मला त्याआधीच, पहिलं वर्ष संपता संपता परत मिळाली, मागे मिनिस्ट्रीचा निळा शिक्का मारलेला. मी ती काउंटरवरच उजेडाकडे धरून, दोन्ही बाजूंनी तपासून घेतली.  काउंटरवरची मुलगी पुढच्या बाईची पावती लिहीत होती, इंग्रजीत, एकेका कागदाचं नाव घालून.