सहा पायांचं जनावर उठतं कसं

किसनआबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका राक्षसाच्या तोंडात दात भरत होतो. तेही आबांच्या चोरून. फोनवर त्यांची सून होती. "मास्तर, आबा गेले हो... चहा मागितला, आन् घ्यायला उठलेच न्हाईत." मी 'बरं' म्हणालो आणि ब्रश माझ्या कपात बुडवला. त्या सकाळी दोन चहा वाया गेले.

लोणावळ्याच्या शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि लहानपणीचं खूळ पुन्हा वर आलं. खंडाळ्याचे बंगले रिकामे होताना रद्दीत जुनी विज्ञानकथांची स्वस्त मासिकं यायची. मुखपृष्ठावर घराएवढे विंचू, देठांवरचे डोळे, किंचाळणाऱ्या बाया. ती बघून मीही परग्रहावरचे प्राणी काढू लागलो. एका बालमासिकानं सहा प्राणी मागितले. साठीनंतरचं पहिलं काम, त्यामुळे घरात मी जरा ताठच चालायचो. एकदा वडिवळ्याच्या धरणाकाठी चित्र काढत बसलो होतो. म्हशी पाण्यावर आणलेला एक म्हातारा मागे येऊन उभा राहिला. हेच आबा, उभी हयात गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली गेलेली.

"मास्तर, हे बसलं तर उठंल कसं?"

"आबा, हा मंगळावरचा आहे."

"मंगळावर गुडघं नसत्यात व्हय?"

गाय-म्हैस मागनं उठते, घोडा म्होरनं. तुमचं जनावर कुणाच्या वळणाचं ते आदी ठरवा, असा त्यांचा हुकूम. मला ठरवता येईना, म्हणून त्यांनी मला गोठ्यात चार पायांवर उतरवलं. मी म्हशीसारखा मागून उठायला गेलो आणि निम्म्यात अडकलो... धड बसलेला नाही, धड उभा नाही. म्हैस मान वळवून पाहत होती. दारात शेणाची पाटी घेऊन आबांच्या मंडळी, ज्यांना मी पुढे मावशी म्हणू लागलो. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ह्यांना कळा लागल्यात का?"

पुढे पाच प्राणी या परीक्षेतून पार पडले. काय खातं, लाळ कुठं गळते, पिल्लाला चाटतं कसं. डोळ्यांचे देठ तर आबांनी पहिल्याच दिवशी छाटले. "काटेरी कुंपनातनं जाईल तवा?" मी रबर काढला.

सहावा प्राणी झेप घेणारा हवा, मुलं दचकली पाहिजेत, असं संपादकबाईंनी बजावलं होतं. तोवर आबांनी अंथरूण धरलं होतं. मी कच्चं चित्र घेऊन गेलो. त्यात सहाही पाय दुमडून बसलेलं जनावर होतं, कारण ते उठणार कसं हे मला अजून सुचलं नव्हतं. आबांनी कागद छातीवर धरून बराच वेळ पाहिला.

"ह्याला उठवू नका, मास्तर. पोट भरलंय त्याचं. रवंथ करू द्या."

मी शब्द दिला. आणि घरी येऊन झेप घेणाऱ्या राक्षसाचे दात काढायला बसलो! संपादकांपुढे माझा कणा माझ्या प्राण्यांइतकाच काल्पनिक.

आबांच्या दहाव्यापर्यंत दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी पडून होती. मग बसलेलं पाठवलं आणि सोबत लिहिलं, हे नको असेल तर पाचच छापा. आयुष्यातलं माझं पहिलं बाणेदार पत्र. पेटीत टाकल्यावर लगेच पोस्टमनला गाठून परत मागावं असं वाटत होतं. पण बाईंनी छापलं. आत, शेवटच्या पानावर.

अंक घेऊन वडिवळ्याला गेलो. मावशींनी पान दारातल्या उजेडाला धरलं. मी कौतुक ऐकायला विनयानं मान खाली घालून तयार.

"हे रवंथ करतंय न्हवं?"

"हो, मावशी."

"मंग तोंडाला फेस कुटंय? ह्यांनी सांगितला न्हाई?"

सांगायला ते उरले नव्हते... मी खिशातली पेन्सिल काढली आणि त्या छापील पानावर जबड्याच्या कोपऱ्यात फेस काढला. "आजून थोडा," मावशी म्हणाल्या. आणखी काढला. मग त्यांनी पान फाडून घेतलं आणि गोठ्यात आबा दावी अडकवायचे त्या खुंटीला टोचलं.

खाली म्हैस बसली होती, डोळे अर्धे मिटून. तिच्या तोंडाचा फेस माझ्यापेक्षा बरा होता.