चौकहून आणलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवापुढे उभा राहिलो तरी तिथे भलत्याच मागण्या पुढे करून ही गोष्ट मागे ठेवली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि भरभर सांगतो — कारण सावकाश सांगायला बसलो की मी गोष्ट सजवतो. बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. घरात मला ‘उतावळा नवरा’ म्हणायचे, लग्न व्हायच्या आधीपासून!

कर्जतला स्टेशनाजवळ माझा सोडा-लेमनचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक यंत्र, दोन माणसं आणि गोळीच्या बाटल्यांचे खोके. पण घाट चढायच्या आधी मागून इंजिन जोडायला गाडी इथे थांबते, आणि थांबली की उतारूंना तहान लागते. ही युक्ती विसाव्या वर्षी मला सुचली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. गाडी थांबते आहे, लोक तहानलेले आहेत, आणि विकायला कुणीच नाही — अहो, पैसा नुसता फलाटावर सांडतो आहे! आजही ते आठवलं की छाती धडधडते. लोक म्हणतात, बापाचं बुडालेलं घर मुलाने वर काढलं. मी ऐकून घेतो.

बुडालं कसं, ते सांगतो. माझे वडील, अप्पा, जंगलचे ठेके घेत. एके वर्षी कशेळ्याच्या वरचं रान त्यांनी लिलावात घेतलं, कर्ज काढून. लाकूड तोडून झालं, रचून झालं, गाड्या लागायच्या आणि वणवा आला. झालं. कर्ज होतं चौकच्या भिकूशेठचं, दोन हजारांच्या वर, आणि घर त्याच्याकडे गहाण. अप्पा त्या दिवसापासून झोपाळ्यावर बसले ते बसलेच. विचारलं तर म्हणायचे, “तुम्ही ठरवा.”

मग ठरवणारा कोण? मीच. आता हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण मला फार मजा येत होती. घरावर एवढं संकट आणि मी आपला दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना ओसरीवर बसवून भाषण करायचा! घर विकून मुंबईला खोली घ्यावी? अप्पा तिथे महिनाभरही जगले नसते. आईच्या पाटल्या आणि नथ मोडावी? तिसरा हिस्साही फिटला नसता. पुढची बाजू रेल्वेच्या गार्डाला भाड्याने द्यावी? भाड्यातून व्याज तरी निघालं असतं की नाही, शंकाच. घर सावकाराच्या नावे करून पाच वर्षांत परत विकत घ्यायचं, अशी मुदत-खरेदी करावी? तशी गेलेली घरं आम्ही कर्जतात पाहिली होती. परत आलेलं एकही पाहिलं नव्हतं.

उरले दोन मार्ग. एक असा, की भिकूशेठने हप्ते मान्य करावेत आणि ते मी भरावेत. खोपोलीला तेव्हा वीजघराचं बांधकाम चाललं होतं. तिथे हजेरी-कारकुनाची पंचवीस रुपयांची जागा मला मिळत होती.

दुसरा मार्ग खालापूरचा. अप्पांचे चुलतभाऊ, बाबाकाका, तिथे राहायचे. भाताची शेती, घरात सुबत्ता, आणि मूलबाळ नाही. त्यांनी निरोप पाठवला होता — विनूला आम्हाला दत्तक द्या. कर्जाचं मी बघतो. मुलाची किंमत म्हणून नाही हो, भावाला मदत म्हणून. पण मुंज व्हायच्या आत काय ते ठरवा, मुंज आम्ही आमच्या घरी करू.

विनू माझा धाकटा भाऊ. आठ वर्षांचा. थोरल्याला दत्तक देत नाहीत, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता.

आई त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. सुपात तांदूळ होते, ते पाखडता पाखडता म्हणाली, “आधी तू चौकला जा. त्यांना हात जोडून विचार. ते हप्ते घेतो म्हणाले, तर विनूचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.”

गेलो. पहाटे निघालो तो ऊन चढायच्या आत चौकला. भिकूशेठचं दाण्याचं दुकान मुंबई-पुण्याच्या रस्त्यालगत होतं. मला वाटलं होतं, हा माणूस डाफरेल. मी मनात भाषण तयार केलं होतं, भाऊबंद, अब्रू, वणवा, सगळं. त्यातलं एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

“तुजा बाप सरळ मानूस हाय,” तो म्हणाला. “माजं दुकान उभं राहिलं तवा वासे, फळ्या, समदं उधारीवर दिलं त्यानं. एकदा दारात आला नाय मागाया. म्हैन्याला पंधरा रुपये दे. फुडचं व्याज नाय लावत. घर घेऊन आमी काय करनार रं? आमाला काय कर्जतात ऱ्हायचं हाय?”

कळलं ना तुम्हाला? तो हो म्हणाला.

मी पाया पडलो त्याच्या. डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. त्याने मला गूळ आणि पाणी दिलं. मी निघालो तेव्हा अक्षरशः उड्या मारत निघालो — घर राहिलं, विनू राहिला, आई काय म्हणेल! निम्म्या वाटेपर्यंत मी असाच होतो. हे खरं आहे, याच्यावर तरी विश्वास ठेवा.

मग मी हिशेब करायला लागलो. पंचविसातले पंधरा गेले, राहिले दहा. त्यात चार माणसं. अशी वर्षं किती? दहा नाही, बारा. म्हणजे मी बत्तीस वर्षांचा होईपर्यंत खोपोलीच्या धुरळ्यात मजुरांच्या हजेऱ्या मांडायच्या. आणि सोड्याचं यंत्र? तोवर ते दुसरा कुणी आणून बसलेला असणार. फलाटावरची ती तहान दुसऱ्या कुणाची तरी झालेली असणार! आणि दुसरीकडे काय? बाबाकाकांचा एक शब्द, की कर्ज साफ, घर मोकळं, आणि मी मोकळा. विनू तरी कुठे विलायतेला चालला होता? खालापूर ते काय, हाकेच्या अंतरावर. दूधदुभतं, आंब्याची झाडं, नवे कपडे...

पाहा, अजूनही मी तुम्हाला पटवतोच आहे.

नदीवर पाय धुतले तेव्हा माझं ठरलं होतं. तिथून पुढे मी धावत सुटलो. का धावलो? धाप लागली की चेहरा कुणी नीट बघत नाही, म्हणून. दारात शिरलो, खांबाला टेकलो आणि म्हणालो, “नाही म्हणतो. एकरकमी आणा, नाहीतर घर सोडा.”

आईचा हात सुपावर थांबला. तिने मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. अप्पा म्हणाले, “मला वाटलं होतं, भिकू ऐकेल.” एवढंच. भिकूला उधार दिलेल्या लाकडाची आठवण त्यांनी काढली नाही, तशी सवयच नव्हती त्यांना.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि मीच ते भराभर केलं. भटजी मी आणले, मुहूर्त मी काढवला. विनूला अंगणात बसवून खालापूरचं असं काही वर्णन केलं, की तो रोज सकाळी विचारायचा, “दादा, आज जायचं?” काकांच्या घरी घोडी आहे असंही मी सांगितलं होतं. घोडी नव्हती.

दत्तविधानाच्या दिवशी घरात लग्नाची गडबड. खालापूरहून माणसं आली, वाजंत्री आली, पुरणाचा घाट घातलेला. अप्पांनी हातावर पाणी सोडलं. बाबाकाकांनी विनूला मांडीवर घेऊन त्याचं मस्तक हुंगलं आणि तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला. सगळेच हसले. मी तर सर्वांत मोठ्याने! त्या दिवसाइतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही, कारखाना उघडला तेव्हाही नाही. काय करू, झाला तो झाला. मला त्याचीच जास्त लाज वाटते, खोट्याची नाही तेवढी.

बैलगाडी निघताना विनूने वाकून विचारलं, “आई, तू कधी येणार?” भटजी प्रेमाने म्हणाले, “आता आई नाही म्हणायचं बाळ, काकू म्हण.” विनूला धडा पटकन पाठ व्हायचा. “काकू, तू कधी येणार?” तो म्हणाला, आणि बरोबर आलं ना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

पैसे चौकला पोचवायला मीच गेलो. अप्पा म्हणत होते मी येतो, पण त्यांना मी जाऊ देतो होय! भिकूशेठने रक्कम घेतली, कागद फाडला आणि चकित होऊन म्हणाला, “हप्त्याचं ठरलं हुतं नं रं? येवढं एकदम कुटनं आनलंस?” काकांनी दिले, म्हणालो. “लई भाग्याचा हायस,” म्हणाला.

त्यानंतर तो जिवंत होता तोवर मला धास्ती. कर्जतच्या बाजारात त्याची पगडी दिसली की मी अप्पांना दुसऱ्या गल्लीने घरी न्यायचा. मग एक दिवस तो गेल्याची बातमी आली. चांगला माणूस होता तो. त्याने माझ्या बापाचं ऋण इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. आणि मी काय केलं? त्या दिवशी कारखान्यावर आलेल्या गिऱ्हाइकांना फुकट सोडा पाजला. कसला आनंद, विचारलं त्यांनी. असाच, म्हणालो. बाटल्यांच्या गोळ्या फटाफट आत जात होत्या आणि मी गाणं गुणगुणत होतो.

अप्पाही गेले. गेल्या भाद्रपदात आई आजारी पडली. घरात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा म्हणाली, “एक विचारू? त्या चौकच्या शेठना आपण पुन्हा एकदा विचारलं असतं, तर ऐकलं असतं का रे त्यांनी?”

बोलायची वेळ ती होती. तिला दोन दिवसही उरले नव्हते. तिने मला शिव्या घातल्या असत्या, किंवा माफ केलं असतं, किंवा तोंड फिरवलं असतं — काहीतरी केलं असतं. निदान इतकी वर्षं तिने स्वतःला जे विचारलं, त्याचं उत्तर तिला मिळालं असतं. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. “नसतं ऐकलं गं,” म्हणालो. “फार कठोर माणूस होता तो.” मेलेल्या माणसावर आळ घालून मी आईला झोपवलं.

विनू खालापूरहून आला. आता तो चांगला उंच, भरदार गृहस्थ झाला आहे. मला दहा दिवसांचं सुतक, त्याला तीन. तो दुसऱ्या घरचा ना! चौथ्या दिवशी सकाळी त्याने अंघोळ केली आणि काय करावं ते न कळून ओसरीवर बसून राहिला. मी आत होतो, आईचा मुलगा म्हणून.

तेराव्याला तो परत आला, पाहुण्यांच्या पंगतीत जेवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, लहानपणी मला राग यायचा. वाटायचं, मलाच का दिलं. आता मला मुलं झाली, आता वाटतं, आईने काही उगाच नसेल दिलं. दुसरी वाटच नव्हती ना तेव्हा?”

“नव्हती रे,” मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्याला आशीर्वाद दिला.