अडतीसपैकी सदतीस

आमच्या शेजारच्या आजोबांना रेघा ओढल्याशिवाय काही मोजता येत नसे. चार उभ्या, त्यांच्यावरून पाचवी तिरकी, की झाले पाच. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने अशा पाच-पाच रेघांच्या ओळीच्या ओळी होत्या. पाऊस किती दिवस पडला, कॅमेलियाला फुलं किती आली, आमच्याकडे पाहुणे किती आले. हे शेवटचं मला कळलं तेव्हा मी जरा फणकारलेच. "गणपतीला एकोणसाठ," ते शांतपणे म्हणाले. "त्यातले नऊ जण दोनदा आत गेले, पण मी एकदाच धरले." प्रसादाच्या रांगेवर इतकी बारीक नजर आमच्या घरातल्याही कोणाची नव्हती.

त्यांचं नाव टॉम. आमच्या इराने पाचव्या वर्षी त्यांना 'मोजणीआजोबा' करून टाकलं आणि मग घरात तेच नाव चाललं. सकाळी खिडकीतून बघून ती ओरडायची, "आई, ही इज काउंटिंग अगेन!" ते आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी इकडे ऑस्ट्रेलियात आले, टूवूंबाच्या आसपासच्या शेतांवरून धान्याचे ट्रक चालवले आणि इथेच म्हातारे झाले. बायको आम्ही राहायला येण्याआधीच गेली होती, मूल नव्हतं. त्यांचं इंग्रजी कळायला मला सहा महिने लागले. हॉस्पिटलात दिवसभर एक्स-रे काढताना दहा देशांची माणसं भेटतात, पण आजोबांसारखे शब्द गिळणारं कोणी भेटलं नव्हतं. इथे त्यांचं बोलणं मी मराठीत सांगते आहे, त्यामुळे ते होते त्यापेक्षा बरेच स्पष्ट ऐकू येतील.

या रेघांची सवय मतमोजणीची. त्यांच्याकडे आयर्लंडात कौन्सिलची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी एका हॉलमध्ये पेट्या उघडतात. कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडतात आणि कठड्याच्या अलीकडे उमेदवारांची माणसं पेन्सिल घेऊन वाकून उभी असतात. कागद उलगडला की पहिली पसंती कोणाला ते टिपायचं आणि त्या नावापुढे रेघ ओढायची. अधिकृत आकडा यायला दोन-दोन दिवस लागतात, पण कोणत्या वाडीने कोणाला हात दिला ते या लोकांना दुपारपर्यंत कळलेलं असतं. आजोबा तरुणपणी यात पटाईत होते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ग्रामपंचायतीच्या मोजणीची ड्युटी करून आले की पाय गरम पाण्यात ठेवून ते कुठली भावकी कशी फुटली ते आईला सांगत. म्हणून असेल, आजोबांच्या या गोष्टी मला कधी कंटाळवाण्या वाटल्या नाहीत. समीरला, माझ्या नवऱ्याला, वाटायच्या. तो तेवढ्यात कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला निघून जाई.

मला सिटिझनशिप मिळाली आणि पहिल्यांदाच इथल्या कौन्सिलसाठी मत द्यायचं होतं. आदल्या दिवशी आजोबा कुंपणाशी आले. इथे शिक्का मारत नाहीत, नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितात. मेयरच्या मतपत्रिकेवर नुसता एक आकडा लिहिला तरी चालतं, असं कोणीतरी मला सांगितलं होतं.

"चालतं म्हणून करायचं नसतं, पोरी," ते म्हणाले. "एक लिही, दोन लिही, तीन लिही. सगळी घरं भर."

"मला दुसरं कोणी आवडतच नाही, टॉम."

"मग कमी नावडता कोण ते ठरव. दोन नंबरच्या मताला कमी लेखू नकोस."

हे ते इतक्या कळकळीने म्हणाले की मी हसता हसता थांबले. त्याचं कारण मला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

मे महिन्यात ते टॅब्लेट घेऊन आमच्याकडे आले. तो टॅब्लेट मीच त्यांना लावून दिला होता, गावाकडचं साप्ताहिक वाचता यावं म्हणून. त्यात एका बाईचा फोटो होता. त्यांच्या धाकट्या भावाची, मायकलची मुलगी नोरा. कौन्सिलला उभी होती. मी म्हटलं, "अरे वा! फोन करा की भावाला." आजोबा टॅब्लेटच्या काचेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत त्याच्याशी बोललो नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मायकल स्वतः उभा होता. त्यांच्या वाडीची पेटी लहानशी, अडतीस मतांची. अडतीसच्या अडतीस मायकलची, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण उमेदवारांत गावच्या शाळेतल्या बाईही होत्या. टॉम दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षर लागत नव्हतं, घरच्यांनी नाद सोडला होता. त्या बाईंनी शाळा सुटल्यावर वर्षभर बसवून त्याला वाचायला शिकवलं. "मतपत्रिका हातात घेतली," आजोबा म्हणाले, "आणि त्यावरची नावं वाचता आली ती कोणामुळे? एक नंबर बाईंना दिला. दोन नंबर मायकलला."

दुसऱ्या दिवशी ती पेटी उघडली तेव्हा कठड्याशी मायकलचा माणूस म्हणून पेन्सिल घेऊन उभे होते ते स्वतः टॉमच. सदतीस रेघा मायकलपुढे, एक बाईंपुढे. त्यांनी कागद जसाच्या तसा भावाच्या हातात दिला.

"एक रेघ इकडची तिकडे केली असती तर?" मी विचारलं.

"मोजणीत खोटं लिहीत नाहीत," ते म्हणाले. जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती.

शेवटची जागा बाईंना गेली. मायकल दोन मतांनी पडला.

"आता माझं एक मत तिकडून काढ आणि इकडे ठेव," आजोबा म्हणाले. "काय होतं?"

मी मनात हिशेब केला. "बरोबरी."

"बरोबरी," ते म्हणाले. "बाई आधी बाद झाल्या असत्या तर माझं मत मायकलकडे गेलं असतं. त्या शेवटपर्यंत शर्यतीत राहिल्या, म्हणून माझा दोन नंबर कोणी बघितलासुद्धा नाही. तो त्यांच्याच गठ्ठ्यात पडून राहिला."

ते एक मत कोणाचं यावरून वाडीत आठवडाभर एकेका घराचं नाव निघालं. एका म्हाताऱ्या विधवेवर आळ येतोय असं दिसल्यावर टॉमने गोठ्यात धार काढणाऱ्या भावाला जाऊन खरं सांगितलं. मायकल धार काढत राहिला. त्यानंतर तो टॉमशी बोललाच नाही. त्या हिवाळ्यात टॉम इकडे आले. दर ख्रिसमसला ते कार्ड पाठवत, उत्तर यायचं ते भावजयीच्या अक्षरात.

तिकडचं मतदान झालं आणि जूनमधल्या मोजणीच्या शनिवारी आजोबा संध्याकाळी सहाला आमच्याकडे येऊन बसले. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. टॅब्लेटवर तिकडचा रेडिओ, पुढ्यात कागद, कानामागे पेन्सिल. समीर मला किचनमध्ये हळूच म्हणाला, "अगं, पंचायत इलेक्शन आहे ते, वर्ल्ड कप नाही." पण थोड्या वेळाने तोही स्क्रीनशी वाकून बसला. जागा सहा, आणि नोरा सातवी. रविवारभर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या नावाकडे गेल्या. नोराला दर फेरीत थोडी थोडी मिळत होती, आणि आजोबांनी त्या दिवशी माझी साबुदाण्याची खिचडी नुसती चिवडली.

सोमवारी सकाळी सहाला दार वाजलं. इथे जून म्हणजे हिवाळा, बाहेर गवतावर दंव पडलं होतं आणि आजोबा घरातल्याच चपलांवर उभे होते.

"आली," ते म्हणाले. "शेवटच्या जागेवर. सगळे दुसऱ्यांचे दोन नंबर."

समीरने चहा टाकला. मी भावजयीच्या कार्डावरचा नंबर शोधून काढला आणि आजोबांना न विचारता फोन लावला. अजूनही मला ते आगाऊपणाचं वाटतं, पण केलं ते बरंच केलं. त्यांना कमी ऐकू येई म्हणून स्पीकर लावला होता. तिकडे रविवारची रात्र. घरचे सगळे हॉलवर गेलेले. फोन उचलला तो म्हाताऱ्या आवाजाने.

"मायकल," आजोबा म्हणाले. "टॉम बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का?" मायकलने विचारलं.

"ऐकलं. पण रेडिओवर आपल्या पेटीचं काही सांगितलं नाही. आपल्या पेटीत किती?"

"एकेचाळीसपैकी एकेचाळीस."

आजोबांनी मान हलवली, जणू तो त्यांना बघतोय. "या खेपेला मी नव्हतो ना," ते म्हणाले.

"तू असतास तर बेचाळीस," मायकल म्हणाला.

समीर दुधाचं भांडं तसंच हातात धरून उभा राहिला. मला रडू आलं, मी लपवलंही नाही. त्यानंतर ते दोघे दहा मिनिटं फक्त गोठ्याच्या छपराबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर आजोबांनी कागदाची कोरी बाजू वर केली आणि सावकाश रेघा ओढल्या. पाच-पाचचे आठ जुडगे आणि एक सुटी. घडी घालून खिशात ठेवला आणि थंड झालेला चहा पिऊन घरी गेले.

नंतर दर रविवारी फोन होई. इरा खिडकीतून बघून सांगायची, "ही इज टॉकिंग टु हिज ब्रदर." तिकडे जायचं म्हणत होते, पण डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. पुढच्या हिवाळ्यात, आमच्याच हॉस्पिटलात, आजोबा गेले. त्यांचं घर आवरताना मी गॅरेजची भिंत बराच वेळ बघत बसले होते. नव्या मालकाने नंतर ती रंगवली. माझा जीव तुटला, पण भिंत काही आमची नव्हती.

तो कागद टॅब्लेटच्या कव्हरमध्ये सापडला. आठ जुडगे तसेच होते. सुट्या रेघेशेजारी आता आणखी एक रेघ होती. कधी ओढली कोणास ठाऊक. मी कागद पाकिटात घालून मायकलच्या पत्त्यावर पाठवून दिला, सोबत चार ओळी.

तीन आठवड्यांनी नोराचा मेसेज आला. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, पण त्यांनी एकेका रेघेवर बोट ठेवून दोनदा मोजल्या. बेचाळीस बरोबर भरल्या, असं तुम्हाला कळवायला सांगितलंय.