नणंदेने दिलेली ढाल

दुसऱ्याच्या वस्तू न्याहाळायची मला सवय आहे आणि ती मी लपवत नाही. कुणी स्टीलचा डबा पुढे केला की मी आधी तो फिरवून त्यावरचं नाव वाचते. नाव न घातलेलं भांडं एका घरात टिकत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आज आपल्याकडे बारशाला आलेलं उद्या दुसऱ्याच्या वास्तुशांतीला जातं.

म्हणून मोबाइलवरच्या त्या गेममध्ये दुसऱ्यावर बोट दाबून धरलं की त्याची तलवार, चिलखत, बूट, शिवाय ते कुणी दिले, हे सगळं दिसतं असं कळल्यावर मला तो गेम एकदम आवडला. आम्ही चौघं खेळतो. मी आणि नवरा मुलुंडला, नणंद बोरिवलीला, माझा धाकटा भाऊ घाटकोपरला. रविवारी बोरिवलीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस लिंक रोडवरच जातो. त्यापेक्षा कानाला हेडफोन लावून एकत्र राक्षस मारणं परवडतं. नणंदेच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मला इथून मोजता येतात.

तर सलग चार रविवार आम्ही एकाच राक्षसाचा मार खाल्ला, आणि चारही वेळा नणंद पहिली पडली. तिने आत काय घातलंय ते बघायला गेले, तर वर छान निळा झगा आणि सेटिंगमधून बाकी सगळं झाकलेलं. झाकलंय म्हणजे काहीतरी आहे, हे मी लगेच ठरवून टाकलं.

"अगं, शेजारी उभं राहून लढायचं तर काय घातलंयस ते आम्हाला कळायला नको?" मी म्हणाले.

"वहिनी, तू माझ्याकडे आलीस की माझं कपाट उघडतेस का?"

उघडते. पण ते तिला माहीत नव्हतं, म्हणून मी विषय बदलला आणि नवऱ्याच्या मागे लागले. तो आमचा म्होरक्या. त्याने एक बटण दाबलं की कुणालाच काही झाकता येत नाही. बायको आणि बहीण यांच्यात सापडलेला माणूस नेहमी करतो तेच त्याने केलं, मत घेतलं. भावाने माझ्या बाजूने हात वर केला. तो लहानपणापासून तेच करतो.

"नक्की ना? सगळ्यांचंच दिसेल हं," नवरा म्हणाला. मी त्याला घाई करायला सांगितलं.

बटण दाबताच मी नणंदेवर बोट ठेवलं. बूट बरे होते, तलवार बरी होती. आणि निळ्या झग्याच्या आत एक तपकिरी सुती बंडी होती. नवशिके आठवड्याभरात टाकून देतात तसली. खाली माझं नाव. ती खेळायला शिकली त्या पहिल्या दिवशी मीच तिला दिली होती.

"हे अजून घालतेस? कोंबडीने चोच मारली तरी फाटेल."

"तू दिलीस ना. टाकवत नाही यार. तू बदलायला लावशील म्हणून झाकली होती."

मला खरोखर लाज वाटली. मी दिलेलं ही काहीच वापरत नाही, असं मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

तिकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, आणि ती काय करतेय ते माझ्या लक्षात आलं. तीही बोट दाबून मला बघत होती. माझ्या वाढदिवसाला तिने मला एक ढाल दिली होती, तीन महिने लढून मिळवलेली. पण मी धनुष्य चालवते. दोन्ही हात त्यातच अडकतात, ढाल धरायची कुठे? भाऊ खेळायला आला तेव्हा त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याला ती देऊन टाकली आणि विसरूनही गेले.

"वहिनी, ती ढाल खय असा गे?"

नणंद खरी चिडली की मालवणीत उतरते. मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात भाऊ उत्साहाने म्हणाला, "ही होय? ताईने दिली मला. झकास आहे एकदम."

"माहेरी पोचली म्हणायची," नणंद म्हणाली.

नवरा चहा टाकायला उठला. तो एरवी कधी टाकत नाही. "चुकलं माझं," मी म्हणाले, आणि ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी आम्ही राक्षसाकडे गेलोच नाही.

यंदा वाढदिवसाला तिने मला धनुष्य पाठवलं. त्यावर तिने स्वतःचं नाव कोरून घेतलंय, आडनाव आणि तारखेसकट, अगदी भांड्यावर घालतात तसं. नाव कोरलेली वस्तू या गेममध्ये दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हे मला कसं कळलं ते मी सांगणार नाही.

माझं जुनं धनुष्य याच्या दुप्पट ताकदीचं आहे. ते पेटीत पडून असतं. नणंद दर रविवारी खेळ सुरू होण्याआधी माझ्यावर बोट दाबून बघते, मग बंडी नीट करून शेजारी उभी राहते. आता राक्षसापुढे कधी ती पहिली पडते, कधी मी.